आई-बाबा, साबा (सासूबाई) आणि दोन मुलांना घेऊन ऑर्लँडो डिस्ने: कसं जमवावं?

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ काढून वाचा प्लीज.

बाबांना यंदा पंचाहत्तर पूर्ण होतायत. आई-बाबा सांगलीहून आणि साबा नाशिकहून सध्या आमच्याकडे एडिसनला आलेत, डिसेंबरात परत जाणार. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे न्यू जर्सीत शिक्षकांच्या कन्व्हेन्शनमुळे शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, त्याला पुढेमागे दिवस जोडून सगळ्यांनी मिळून डिस्ने वर्ल्डला जायचं असं चाललंय. आम्ही दोघं, लेक आठ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा (उंची ३९ इंच) आणि तिघं ज्येष्ठ, असे सातजण.

आईचे गुडघे दुखतात, अर्धा तास चालली की बसायला लागतं, शिवाय शुगर आहे आणि इन्सुलिन चालू आहे. बाबा ठणठणीत आहेत पण रांग आणि कलकलाट म्हटलं की वैतागतात, सगळी नोकरी कृषी खात्यात गेली त्यामुळे त्यांना झाडं-शेतं-मोकळी हवा आवडते. साबा अंडंसुद्धा खात नाहीत आणि बाहेर गेलं की "मी केळं खाईन गं, माझं काही काढू नकोस" म्हणतात, आणि मग खरंच दिवसभर केळ्यावर राहतात.

हॉटेल डिस्नेच्या आतलं घ्यावं की बाहेर किसिमी गावात भाड्याचं घर? ज्येष्ठांची तिकिटं किती दिवसांची काढावीत? व्हीलचेअरचं कसं असतं? एक मैत्रीण म्हणाली की त्यांना त्यातलं काय कळणार, तुम्ही चौघं जा, पैसे वाचतील. मला ते अजिबात पटलेलं नाही. मुलांना आजी-आजोबांबरोबर असं फिरायला परत कधी मिळेल कोण जाणे. पण त्यांचे हाल होऊ नयेत एवढंच वाटतं.

भर_दुपारी

आधी तारखांबद्दल. त्या आठवड्याला तिकडे जर्सी वीकच म्हणतात, कारण अर्धं न्यू जर्सी तेव्हा तिथेच असतं. हवा छान असते, उन्हाळ्यातला रोजचा दुपारचा गडगडाटी पाऊस संपलेला असतो, पण गर्दी असते. जमलं तर लेकीची शाळा आधीचे सोमवार-मंगळवार-बुधवार बुडवा आणि मोठे पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम) त्या दिवसांत उरका, गुरुवार-शुक्रवारी पूल आणि आराम ठेवा. दुसरीतिसरीत तीन दिवसांनी काही बिघडत नाही.

आता हॉटेल. माझं ठाम मत आहे की ज्येष्ठ बरोबर असतील तर पैसे जागेवर घाला, बाकी कशावर कमी करा. कारण ट्रिप यशस्वी व्हायची असेल तर दुपारी खोलीवर परत येता आलं पाहिजे. बाहेरच्या घरातून हे जमत नाही. दिसायला नकाशावर वीस-पंचवीस मिनिटं असतात, पण मॅजिक किंगडमला गाडी लावायची जागाच पार्कपासून लांब आहे, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट घेऊन मग गेट येतं, आणि परत जाताना हे सगळं उलट. एकदा बाहेर पडलात की संध्याकाळी पुन्हा जायची कुणाची हिंमत होत नाही. आतल्या हॉटेलची बस मॅजिक किंगडमच्या गेटजवळच सोडते, आणि बसला व्हीलचेअर चढवायची सोय असते.

कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन ही मोनोरेलवरची, महाग आहेत. स्कायलायनर म्हणजे जो रोपवे २०१९ मध्ये सुरू झाला त्याच्यावर पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा ही हॉटेलं आहेत, तिथून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाता येतं. पाळणा चालू असतानाच चढायचं असतं पण व्हीलचेअरवाल्यांसाठी बाजूला वेगळा पाळणा थांबवून चढवतात, त्यामुळे आईंना घाबरायचं कारण नाही. विजा चमकायला लागल्या की तो बंद ठेवतात हे लक्षात असू द्या.

आर्ट ऑफ ॲनिमेशनचे फॅमिली स्वीट चांगले आहेत, दोन बाथरूम, पण सहाच जणांना. तुम्ही सात. म्हणून एकतर दोन जोडखोल्या किंवा टू-बेडरूम व्हिला, ज्यात स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीनही असतं. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबच्या सभासदांकडून पॉइंट (त्यांना दरवर्षी राहण्यासाठी मिळतात ते) भाड्याने घेऊन हे व्हिले बरेच स्वस्त पडतात. ओल्ड की वेस्टला खोल्या मोठ्या आहेत पण तिथल्या बहुतेक इमारतींना लिफ्ट नाही, तेव्हा तळमजला मिळतोय का हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

गुलबक्षी

भर_दुपारी यांना अनुमोदन, फक्त व्हिल्याच्या स्वयंपाकघराबद्दल एक विचारते. तिथे स्वयंपाक करणार कोण? आमच्याकडे असंच मोठं किचन घेतलं होतं, "सकाळी पोळीभाजी करून न्यायची म्हणजे बाहेरचं नको", आणि सकाळी सहाला सगळे झोपलेले असताना मी आणि जाऊ पोळ्या लाटत होतो. सासूबाईंनाही बसवेना, त्या आल्या मदतीला. म्हणजे घरातल्या सगळ्या बायकांची सुट्टी ओट्यापाशी गेली. मला याचा अजूनही राग येतो म्हणून स्पष्ट लिहितेय. किचन असेल तर नियम आधी ठरवा: सकाळी चहा-दूध-टोस्ट, रात्री कुकरला वरणभात किंवा खिचडी, आणि ते नवरेमंडळी लावतील. बस.

टपरी_चहा

गुलबक्षी, अगदी. आम्ही सगळं घरून नेलं होतं. दशम्या, मेथीचे ठेपले, तिळाची आणि शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, आणि पिठलं-भात करायला छोटा इलेक्ट्रिक कुकर. हॉटेलात कुकर चालतो का हे आधी विचारून घ्या, साध्या खोल्यांत परवानगी नसते, किचनवाल्या व्हिल्यात प्रश्न येत नाही. पार्कात बाहेरचं खाणं न्यायला पूर्ण परवानगी आहे, काचेची बाटली-बरणी आणि सुटा बर्फ तेवढा नको. लोणचं प्लास्टिकच्या डबीत. जिथे फाउंटनचं कोल्ड्रिंक मिळतं अशा काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मागता येतं, पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका.

साबांसाठी एक जेवण मात्र नक्की ठरवा: ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलमधलं सनाआ हे रेस्टॉरंट. तिथे नान आणि तशाच भाकरी-पोळ्यांचे प्रकार आणि त्याबरोबर बऱ्याच चटण्या असं एक ताट मिळतं, आणि खिडकीबाहेर जिराफ-झेब्रे चरत असतात. आमच्या आईने ट्रिपमध्ये पोटभर जेवलं ते तिथेच. हॉटेलात राहायची गरज नाही, नुसतं जेवायला जाता येतं, टेबल आधी बुक करा. इतर ठिकाणी बुक करतानाच अंडं नको हे लिहून ठेवा, टेबलवाल्या रेस्टॉरंटमध्ये शेफशी बोलता येईल का तेही विचारा. नुसतं व्हेज म्हटलं की अंडं असलेलं येऊ शकतं, त्यामुळे मांस, मासे, अंडं, चिकनचं पाणी असं एकेक नाव घेऊन नाही म्हणा. आणि डोल व्हिप, अननसाचं थंडगार, त्यात दूधही नसतं, साबा उपासाच्या दिवशीसुद्धा खातील.

रुळावरचा_माणूस

हा धागा वाचला आणि लिहावंसं वाटलं, कारण मी या प्रश्नातल्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. वय ७८, राहणार सोलापूर, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. मुलीने आम्हा उभयतांना नातवंडांबरोबर तिथे नेलं होतं.

त्यांना काय कळणार असं ज्या मैत्रिणीने सांगितलं तिला माझा निरोप द्या की मॅजिक किंगडममध्ये पाऊल टाकलं की डोक्यावरच वाफेच्या गाडीचं स्टेशन आहे. ही इंजिनं खेळण्यातली नाहीत. अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ च्या दरम्यान बांधलेली, मेक्सिकोत युकातानला वर्षानुवर्षं चाललेली खरी इंजिनं डिस्नेने तिथून विकत आणून दुरुस्त केली. तीन फुटी गेज. आमची मिरज-कुर्डुवाडी-लातूर बार्शी लाइट अडीच फुटी होती, माझी उमेदीची वर्षं त्या लायनीवर गेली, आता ती ब्रॉडगेज झाली. शिट्टी ऐकली आणि मी नातवाला खांद्याला धरून इंजिनापाशी घेऊन गेलो, पाणी कुठे भरतात, प्रेशर कसं धरतात, सगळं दाखवलं. इंजिनवाल्यांनीही थांबून उत्तरं दिली. तोपर्यंत तो मला सगळीकडे "आबा इकडे बसा" म्हणत होता, त्यानंतर दिवसभर मला प्रश्न विचारत होता. (गाडी मधूनमधून कामासाठी बंद असते, जायच्या आधी बघून घ्या.)

म्हणून माझं म्हणणं, तुमच्या वडिलांना एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड या बोटीत बसवा, जमलं तर दोनदा. पंधरा मिनिटांची संथ बोट आहे, ती ग्रीनहाउसमधून जाते. मातीशिवाय वाढवलेली रोपं, हवेत लोंबकळणारी मुळं, भलेमोठे भोपळे, शिवाय माशांची टाकी. कृषी खात्यातला माणूस आणि शेजारी आठ वर्षांची नात! तिथे त्यांनाच बोलू द्या.

आता आम्ही तोंडाने सांगत नाही ते सांगतो. एक म्हणजे खर्च. तुम्ही तिकिटाची किंमत आमच्यासमोर बोललात की आम्ही मनात रुपये करतो आणि मग ना थंड पेय मागत ना बसायचं म्हणत, कारण एवढे पैसे घालून आणलंय तर चाललंच पाहिजे असं वाटतं. आकडे आमच्या कानावर घालू नका. दुसरं, आम्हाला बॅगा आणि बाबागाडी सांभाळायला बाकावर बसवून तुम्ही सगळे राइडला जाता, तासभर. एकदा ठीक आहे. दिवसभर तेच झालं तर माणूस उन्हात बसून फक्त लोकांकडे बघत राहतो आणि तुम्ही परत आलात की "मजा आली ना?" विचारता. बाबागाड्या लावायला जागा ठरवून दिलेल्या असतात, पिशव्या लॉकरमध्ये ठेवा, आणि आम्हाला तेवढ्या वेळात थंड हवेतला एखादा शो दाखवा. तिसरं, हिच्या व्हीलचेअरची गोष्ट. पहिल्या दिवशी ही तयारच होईना, लोक काय म्हणतील. मुलीने वाद घातला नाही. म्हणाली, आई, मला दुपारनंतर तू हवी आहेस, रात्रीची आतषबाजी तुझ्याबरोबर बघायची आहे, म्हणून खुर्ची. मग बसली. तुमच्या आईंनाही असंच सांगून बघा.

शेवग्याची_शेंग

रुळावरचा_माणूस, काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत पण मग तासाभराने येऊन म्हणाले, त्या ग्रीनहाउसमध्ये ठिबक वापरतात का बघायला पाहिजे. खूप खूप आभार. खर्चाबद्दलचं वाचून आई नुसती हसली, म्हणजे तसंच आहे.

गुलबक्षी, नवऱ्याला तुमचा प्रतिसाद पाठवलाय, रात्रीची खिचडी त्याच्याकडे लागली.

अजून दोन शंका. व्हीलचेअर असली की रांगेतून सुटका होते का? आणि लेकीला मोठ्या राइड करायच्यात पण धाकटा लहान आहे, आम्ही दोघं गेलो तर त्याच्याजवळ कोण, प्रत्येक वेळी साबांना थांबवायचं मला नकोय.

कंदील

व्हीलचेअरमुळे रांग चुकत नाही. बऱ्याचशा रांगा खुर्ची जाईल अशा रुंद आहेत, त्यामुळे खुर्चीसकट सगळ्यांबरोबरच उभं राहायचं. अपंगांसाठीचा जो वेगळा पास आहे तो २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणींसाठी ठेवलाय, गुडघेदुखीला मिळत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. पार्कात गेटपाशी रोजच्या भाड्याने खुर्ची मिळते पण ती त्या पार्काबाहेर नेता येत नाही, म्हणजे बसपर्यंतचं अंतर आईंना चालायचंच आहे. त्यापेक्षा बाहेरून भाड्याने घेऊन हॉटेलवर मागवा किंवा घडीची हलकी खुर्ची घरूनच न्या, विमान कंपन्या तिचे पैसे घेत नाहीत. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरही मिळतात, पण गर्दीत पहिल्यांदाच ती चालवायची म्हणजे आईंना टेन्शन येईल असं मला वाटतं. ढकलायला तुम्ही दोघं आहात, पाळी लावा.

आईंना चढायला अवघड जाईल अशी एक जागा आधीच सांगतो. मॅजिक किंगडममधली पीपलमूव्हर, सगळे म्हणतात ज्येष्ठांसाठी उत्तम, राइड खरंच शांत आणि वाऱ्याची आहे, पण वर जायला सरकता रस्ता आहे आणि डब्यात बसायचं तेही फिरत्या प्लॅटफॉर्मवरून. गुडघ्यांवाल्यांनी विचार करून जावं. हाँटेड मॅन्शनलाही सरकत्या पट्ट्यावरून बसायचं असतं, तिथे सांगितलं तर वेग कमी करतात. ॲनिमल किंगडमची सफारी सगळ्यांनी मिळून करायची चीज आहे, पण ट्रक उघडा आणि रस्ता मुद्दाम खडबडीत, कंबरदुखी असेल तर जपून. त्याच्या बदल्यात तिथलीच महाराजा जंगल ट्रेक ही पायवाट घ्या, व्हीलचेअर जाते, पडक्या राजवाड्यात वाघ दिसतात, मोठाली वटवाघळं आहेत. आजूबाजूला आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव उभं केलंय, झेंडूच्या रंगाच्या पताका, भिंतींवरच्या जाहिराती, साबा तिथे रमतील.

धाकट्याचं उत्तर म्हणजे रायडर स्विच, फुकट आहे. राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला सांगायचं, एकजण मुलीबरोबर रांगेत जातो, दुसरा धाकट्याजवळ थांबतो, मग पहिला आला की दुसऱ्याला नेहमीची लांब रांग न लावता सोडतात, आणि मुलीला बहुतेक वेळा दुसऱ्यांदा जाता येतं. म्हणजे तिची चैन. ३९ इंचाला सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग चालतात (३८ लागतात), टॉवर ऑफ टेररला ४० लागतात, स्पेस माउंटनला ४४ आणि ट्रॉनला ४८. गेटवर बूट घालूनच मोजतात पण जाड तळव्यांचे बूट घालून फसवायला जाऊ नका, सुरक्षेचा प्रश्न आहे.

तिकिटांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून: ज्येष्ठांना सवलत नाही, दहा वर्षांपासून पुढे सगळ्यांना मोठ्यांचाच दर. पण सातही जणांनी तेवढ्याच दिवसांचं तिकीट काढायची सक्ती नाही. मुलांचं चार दिवसांचं, ज्येष्ठांचं दोन दिवसांचं, असं करता येतं. जितके दिवस जास्त तितका दर दिवसाचा भाव कमी होतो, तेव्हा हिशेब मांडून बघा. लाइटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय, तीही माणसागणिक घ्यायची असते, जे मोठ्या राइड करणारच नाहीत त्यांच्यासाठी घेऊ नका. आतल्या हॉटेलात राहिलात तर ती सात दिवस आधी बुक करता येते, बाहेरच्यांना तीनच दिवस आधी. आणि आतल्यांना रोज अर्धा तास लवकर सोडतात, तो अर्धा तास लहान मुलं असताना सोन्यासारखा.

इन्सुलिन: प्रत्येक पार्कात फर्स्ट एड सेंटर आहे, थंड ठेवावं लागणारं औषध तिथे फ्रीजमध्ये ठेवू देतात. जवळ ग्लुकोजच्या गोळ्या आणि खाऊ ठेवाच, चालणं नेहमीपेक्षा फार होतं त्यामुळे शुगर उतरू शकते, डोसबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

गुलबक्षी

ज्येष्ठांसाठी दोन पार्क असतील तर मी मॅजिक किंगडम आणि एपकॉट म्हणेन, ॲनिमल किंगडम फार आवडीचं असेल तर तिसरं. हॉलिवूड स्टुडिओज मी त्यांच्यासाठी सोडेन, त्या दिवशी त्यांना हॉटेलवर राहू द्या. एपकॉटला सकाळी मुलांच्या राइड करा, ज्येष्ठांना निवांत अकराला येऊ दे. मागच्या तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, पूर्ण फेरी साधारण सव्वा मैलाची, मध्ये बोटीने पलीकडे जाता येतं तेव्हा पूर्ण फेरीचा हट्ट नको. जपानला बसा, मेक्सिकोच्या आत संथ बोट आहे ती घ्या, आणि रात्रीच्या शोसाठी अर्धा तास आधी कठड्याजवळची जागा धरा. व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळी जागा राखलेली असते, ती विचारून घ्या.

भर_दुपारी

आणि बाबांसाठी गेटजवळ गेस्ट रिलेशन्समधून वाढदिवसाचा बिल्ला घ्या, फुकट मिळतो. छातीवर लावला की दिवसभर येणारेजाणारे कर्मचारी नाव घेऊन शुभेच्छा देतात. आमच्या सासऱ्यांनी तो नको नको म्हणत लावला आणि घरी येईपर्यंत काढला नाही.

शेवग्याची_शेंग

मंडळी, तुमच्यामुळे बरंच ठरलं. टू-बेडरूम व्हिला बघतोय, लिफ्ट किंवा तळमजला असेल तरच. पहिला दिवस मॅजिक किंगडम, दुपारी सगळ्यांनी परत, संध्याकाळी आतषबाजीला जायचं ज्याला जमेल त्याने. मग एक पूर्ण दिवस आराम, सनाआचं जेवण त्याच दिवशी. त्यानंतर एपकॉट, बाबांची बोट सकाळी पहिली. हॉलिवूड स्टुडिओज आम्ही चौघंच. साबांना विचारलं तुम्हाला काय बघायचंय, आधी केळ्यासारखंच "तुम्ही जाल तिथे" म्हणाल्या, मग लेकीने फोनवर फोटो दाखवत बसवलं तेव्हा त्यांनी वाघ निवडले. म्हणजे ॲनिमल किंगडमचं तिकीट साबांचं वाढलं, त्या दिवशी आई-बाबा पूलपाशी.

आई खुर्चीला अजून हो म्हणालेली नाही. काकांनी सांगितलं तसं आज रात्री बोलणार आहे.

रुळावरचा_माणूस

नातीला सांगा, तिने बोलावं. तुम्ही नको.

टपरी_चहा

आणि बूट! तिघांचेही नवीन बूट असतील तर आत्तापासून रोज घालून फिरायला लावा, साबांना चपलेऐवजी पट्ट्याचे सँडल. दिवसभरात सात-आठ मैल सहज होतात, खुर्चीत बसणाऱ्यांचंही थोडं चालणं होतंच. ठेपले कोण करतंय ते कळवा, एडिसनलाच असतो आम्ही, चटण्या माझ्याकडून.